बिअर गोगलगायींसाठी होती

ती. आई आणि अप्पांना साष्टांग नमस्कार,

छोट्या, हे वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस आणि स्वतःचं काही घालू नकोस.

आधी त्या फोटोचं सांगते. माझ्या हातातला कॅन बिअरचाच आहे, नाही म्हणत नाही. पण तो प्यायला आणलेला नव्हता, गोगलगायींना घालायला आणला होता. हसू नका, आणि आई तू तर अजिबात रडू नकोस. आत्याचा फोन येऊन गेला, काकीचा मेसेज आला, नुसता कॅन बघून सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगी बिघडली. मागं एवढे वाफे दिसत होते, त्याचं कुणी नाव काढलं नाही.

इथं इंग्लंडात असं आहे बघा. कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिकाच, गावातल्या लोकांना भाजीपाला करायला जमिनीचे तुकडे भाड्यानं देते. 1908 चा कायदा आहे त्याचा, आणि दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनंच लोकांना बागा खणून बटाटे लावायला सांगितलं होतं. अप्पा, पूर्ण प्लॉट साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे, माझ्याकडं त्यातला अर्धाच आहे. पिकवायचं ते घरी खायला, धंदा करायचा नाही. तुम्ही म्हणालात ना, शेती नको म्हणून शिकवलं आणि तिकडं जाऊन सव्वा गुंठ्यात कुदळ मारतेय, ते खरंय, पण ड्युटीवरून आल्यावर खोलीत मोबाईल बघत बसण्यापेक्षा हे बरं की नाही?

तर गोगलगाय. इथं शंखवाली असते तशी बिनशंखाचीपण असते आणि ती जास्त खादाड. दिवसा फळीखाली, कुंडीखाली, ओल्या गवतात दडून बसते आणि अंधार पडला की निघते. मे अर्धा सरेपर्यंत इथं रात्री दंव गोठून रोपं जळायची भीती, त्यामुळं सगळे जण रोपं घरात खिडकीत वाढवतात, मग थोडे दिवस दिवसा बाहेर रात्री आत असं करून वाऱ्याची सवय लावतात आणि मग जमिनीत लावतात. एवढं बाळंतपण करून मी घेवडा लावला, म्हणजे इथला लाल फुलाचा, बांबूवर चढणारा. सकाळी जाऊन बघते तर नुसत्या काड्या उभ्या, पान एक नाही, आणि मातीवर चकचकीत चिकट रेघा.

अप्पा म्हणतील औषध टाक. लातूर-बीडकडं सोयाबीनवर शंखी गोगलगाय आली होती तेव्हा ज्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सांगत होते ना, त्या इथं 2022 पासून बाहेर वापरायला बंदीच आहे, पक्षी आणि साळिंदरासारखा एक छोटा काटेरी प्राणी असतो त्यांना धोका म्हणून. आणि त्याच वर्षी इथल्या मोठ्या बागकाम संस्थेनं, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं, जाहीर केलं की गोगलगायीला यापुढं कीड म्हणायचं नाही! का, तर या देशात बिनशंखाच्या 44 जाती आहेत आणि त्यातल्या 9 च बागेतलं खातात. त्या 9 सगळ्या माझ्याच प्लॉटवर राहतात असं मला वाटतं.

मग बिअर. दह्याचा रिकामा डबा मातीत पुरायचा, काठ बोटभर वर ठेवायचा, नाहीतर गोगलगायींना खाणारे चांगले किडेपण आत पडतात, आणि त्यात निम्म्यापर्यंत स्वस्तातली बिअर ओतायची. यीस्टच्या वासानं त्या येतात आणि आत पडून मरतात. सकाळी तो डबा उपसायचा वास मी कधी विसरणार नाही, एवढं सांगते. शिवाय रात्री डोक्याला टॉर्च बांधून एकेक वेचायच्या. चांगली साठी-सत्तरीची माणसं बादली घेऊन वाकून वाकून फिरत असतात, मोठ्यानं बोलत नाहीत आणि मध्येच कुणीतरी "मोठी सापडली" म्हणून ओरडतं. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा अंड्याची टरफलंपण पसरतात. त्याच संस्थेनं प्रयोग करून सांगितलं की टरफलं, तांब्याची पट्टी याचा काही फरक पडत नाही, ते मी त्यांना दाखवलं तर म्हणाले, माझे वडील टाकायचे. विषय संपला. त्यांच्या पलीकडं एक गुजराती बेन आहेत, 1972 साली इदी अमीननं युगांडातनं हाकललं तेव्हा लहानपणी इथं लेस्टरला आलेल्या. त्यांच्यानं जीव मारवत नाही, म्हणून त्या बादली पार टोकाच्या कुंपणाशी नेऊन हळूच उपडी करतात, आणि सगळे हसतात, की चालत परत येणार त्या.

आता रात्री एकटी कशाला जातेस, हा प्रश्न. एकटी नाही जात. गेटला कोडचं कुलूप आहे, हे आजोबा आणि बेन असतात, आणि जूनमध्ये इथं साडेनऊपर्यंत उजेडच असतो. मी "आत्ता प्लॉटवरून आले" म्हणते तेव्हा तुमच्याकडं रात्रीचे अडीच वाजलेले असतात म्हणून तुम्हाला भीती वाटते, इथं तेव्हा कुठं दहा झालेले असतात. आणि माझा चेहरा उतरलाय असं आई म्हणते, तो ऊन लागलेला आहे. जेवते नीट.

माणसं चांगली आहेत गं आई, खरंच. घेवडा गेला हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या शेडच्या दारात कागदी कपात सात-आठ रोपं ठेवलेली, कुणी ठेवली ते कुणी कबूल करत नाही. बाकला शेंगांचे वेल नसतात, सरळ झाडं असतात, त्यावर काळा मावा यायला लागला तर आजोबांनी शेंडे खुडायला लावले, मी म्हटलं मला शिकवू नका, आमच्याकडं द्राक्षाच्या सबकेनला, म्हणजे नव्या फुटीला, शेंडा मारतात ते बघत मोठी झालेय. मग त्यांनी द्राक्षाबद्दल इतकं विचारलं, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, वर्षात दोनदा कशी, की मला उत्तरं देता देता अप्पांची फार आठवण आली. आजोबांनी रूबार्बची जुडी दिली, लाल देठ खायचे, पान विषारी असतं ते टाकून द्यायचं. अंबाडीसारखी आंबट चव. मी गूळ, तिखट आणि लसणाची फोडणी घालून चटणी केली, बेन डबा भरून घेऊन गेल्या. त्या मला मेथी देतात. कोथिंबीर मात्र कुणाचीच टिकत नाही, दिवस मोठा झाला की लगेच फुलावर जाते, म्हणून थोडी थोडी पेरत राहायची.

अप्पा, घरचं कांद्याचं बी पाठवतो म्हणालात, ते पाठवू नका. एक तर बियाला फायटो सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतो, आपल्या द्राक्षाच्या कंटेनरला लागतो तसाच. आणि दुसरं, इथं आत्ता जवळपास सतरा तासांचा दिवस आहे, आपल्याकडं मोठ्यात मोठा तेरा-सव्वातेरा. आपला कांदा एवढा उजेड बघून पात लहान असतानाच गाठ धरेल आणि लसणाएवढाच राहील. इथल्या लोकांचं बी वेगळं असतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बी चांगलंच आहे. मृग बरसला का आपल्याकडं? छोट्या सांगत होता नुसतं भरून येतंय.

आता बाकीचं. छोट्याची सुपारी ठरतेय हे ऐकून खूप आनंद झाला. "आधी मोठीचं होऊ दे" म्हणून माझ्यामुळं त्याचं अडवू नका, मी आधीपण सांगितलंय. सुपारीला मला येता येणार नाही, रजा सगळी लग्नासाठी राखून ठेवलीय, व्हिडिओवर असेन, पोरीला माझ्याकडून साडी घ्या. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढा, मी येणार म्हणजे येणार. इस्लामपूरच्या स्थळाचा फोटो बघितला. दिसायला बरा आहे. त्याच्याशी मीच बोलेन आधी, तुम्ही शब्द देऊ नका, आणि "आमची पोरगी वर्षभरात परत येणार आहे" असं तर मुळीच सांगू नका, कारण हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट मी वाढवलंय. फोनवर सांगणार होते, पण अप्पांच्या मोतीबिंदूचं चाललं होतं म्हणून राहिलं. ऑपरेशन आता पुढं ढकलू नका, पैशाचं कारण तर नकोच. चांगली लेन्स टाका, मी असते तर मीच हट्ट केला असता.

सोसायटीच्या हप्त्याचे पैसे सोमवारी टाकलेत, दोन-तीन दिवसांत येतील. अवकाळीनं बाग गेली त्याचं ओझं अप्पांनी एकट्यानं घेऊ नये. आले की छोट्यानं मेसेज करावा. त्यात दहा हजार वरचे आहेत ते आईचे, हप्त्यात भरायचे नाहीत आणि खताच्या दुकानातपण द्यायचे नाहीत, मी आईला विचारणार आहे काय घेतलं ते.

तुमची लेक