स्टेंट मोफत बसला, गोळ्यांचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मोफत उपचाराच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत औषधांवर सरकारचं लक्ष आहे का, हे विचारायला हे पत्र लिहितोय. आधीच सांगतो, योजना वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा अँजिओप्लास्टी याच योजनेतून झाली, रेशनकार्ड आणि आधार दाखवलं, आरोग्यमित्रानं, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसानं, ऑनलाइन सगळं भरलं, मंजुरी आली आणि स्टेंट बसला, ही योजना नसती तर आम्ही शेत गहाण टाकलं असतं. त्याबद्दल मनापासून आभार.

पण दुसऱ्या दिवशी वॉर्डातून हातात चिठ्ठी आली, इंजेक्शन आणि गोळ्या खालच्या मेडिकलमधून घेऊन या म्हणून. तिसऱ्या दिवशी परत चिठ्ठी. पेशंट आत आणि आपण बाहेर, त्यावेळी कोण वाद घालतं? मी पैसे दिले, पक्कं बिल मागायचं सुचलंच नाही. डिस्चार्जच्या वेळी बऱ्याच कागदांवर सह्या घेतल्या, त्यात सर्व उपचार मोफत मिळाले असं लिहिलेला कागद पण होता आणि मी त्यावरही सही केली. ॲडमिट असतानाची औषधं पॅकेजमध्येच, म्हणजे उपचारासाठी हॉस्पिटलला योजनेतून मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेतच, धरलेली असतात, हे मला नंतर कळलं. डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांची सुद्धा, केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये तर १५ दिवसांची औषधं धरलेली आहेत.

आता यात गोम अशी आहे की हॉस्पिटलला पैसे एकरकमी पॅकेजचे मिळतात, म्हणजे औषधांवर जेवढा कमी खर्च होईल तेवढे हॉस्पिटलकडे उरतात. सगळेच तसं करतात असं मी म्हणणार नाही, पण असा मोह जिथे आहे तिथे तपासणी पाहिजेच ना. हॉस्पिटल हे पैसे मागायला जो क्लेम करतं त्याच्या फाइलमध्ये रिपोर्ट असतात, फोटो असतात, पण नातेवाइकाच्या खिशातली चिठ्ठी त्या फाइलमध्ये कधीच जात नाही. मग योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला कळणार कसं?

आणि यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. अटॅकनंतर स्टेंट बसला की ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी साधारण वर्षभर घ्यावी लागते, शिवाय कोलेस्टेरॉलची आणि बीपीची वेगळी. मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अटॅक येऊ शकतो. या वर्षभराच्या गोळ्या आम्हाला योजनेतून मिळाल्या नाहीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्व्हास्टॅटिन ही सगळी नावं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, त्या यादीत एकूण ३८४ औषधं आहेत, म्हणजे ही औषधं अत्यावश्यक आहेत हे सरकारनंच मान्य केलंय. मग ती योजनेतून आमच्यापर्यंत का पोचली नाहीत? माझे वडील तिसऱ्या महिन्यात एक दिवसाआड गोळी घेत होते, आम्हाला न सांगता, मुलाचा खर्च वाचावा म्हणून. पाकिटात गोळ्या जास्त उरलेल्या दिसल्या तेव्हा आईच्या लक्षात आलं. त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

२०२३ मध्ये या योजनेतल्या विम्याची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख करायचा निर्णय झाला, चांगलंच झालं. पण मर्यादा वाढली तरी आम्हाला त्यातून बाहेरची एक गोळी आली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत केलेत हे खरं, आम्ही तिथेही गेलो, एकदा गोळ्या मिळाल्या आणि पुढच्या वेळी स्टॉक नाही, बाहेरून घ्या. तमिळनाडूत २०२१ पासून बीपी आणि शुगरच्या पेशंटला घरपोच औषधं द्यायची योजना चालू आहे, मग आपल्याकडे निदान जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तरी स्टेंटवाल्या पेशंटचं नाव नोंदवून वर्षभर गोळ्या का देऊ नयेत? परत अटॅक आला तर त्याचा खर्च शेवटी याच योजनेवर पडणार आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. डिस्चार्ज झाल्यावर पेशंटच्या मोबाइलवर मराठीत मेसेज यावा की तुमच्या नावावर ही ही औषधं लावलीत, मिळाली का, आणि नाही म्हटलं तर तो क्लेम तिथेच थांबावा. चिठ्ठ्यांचे फोटो पाठवायची सोय ठेवा. आणि कुठल्या हॉस्पिटलबद्दल औषधांच्या किती तक्रारी आल्या, पुढे काय झालं, ते दर महिन्याला जिल्हावार जाहीर करा. ज्यांचं कुणी ॲडमिट आहे त्यांनी एवढं करा, आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय बाहेरचं औषध आणू नका, आणलंच तर पक्कं बिल घ्या आणि तो मोफतचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

आपला,
एक नियमित वाचक