वेळापत्रकाच्या बाईंना, नऊ तुकड्यांच्या पालकांकडून

आदरणीय बाई,

शाळेचं आणि तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींतच कळेल. पत्र उघडं लिहितोय, कारण दोन सत्रांत भरणाऱ्या आणखीही शाळांमध्ये, वेळ कमी पडल्यावर कुठल्या विषयाचे तास कापायचे, हाच वाद चालू आहे. तुम्ही तो ज्या हिशोबाने सोडवलात तो हिशोब इतर पालकांच्या हाती लागला तर बरं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांच्या झोपेसाठी चांगलाच निर्णय. पण जिथे एकच इमारत दोन सत्रांत वापरली जाते तिथे लहान मुलं दुपारी गेली की मोठी सकाळी येतात. आपल्याकडे सहावी ते आठवी दुपारी बाराची सकाळी सातवर आली, आणि बाराला सुटी द्यायची म्हणून रोजच्या ३५ मिनिटांच्या आठ तासांचे सात झाले. आठवड्याला पाच तास गेले. हे पाच तास कुणाचे, यावर भांडण. पहिल्या मसुद्यात संगीताचे दोन्ही तास गेले, आणि चित्रकला, ग्रंथालय, खेळ यांचा प्रत्येकी एक. यादी पाहून निम्मे पालक खूश होते, हेही खरं आहे. ‘गाणं क्लासला शिकतील, शाळेत गणित घ्या,’ असं म्हणणारे आम्हीच होतो. उरलेले निम्मे दुसऱ्या टोकाला.

तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. पांढरा कार्डशीट टेबलावर पसरलात, प्रत्येक शिक्षकाच्या रंगाच्या चिठ्ठ्या काढल्यात आणि म्हणालात, ‘लावून दाखवा.’ त्याबद्दल पहिले आभार.

चिठ्ठ्या लावायला घेतल्यावर सगळ्यांचा हात आधी गणित आणि इंग्रजीकडे गेला. महत्त्वाचे विषय आधी, सकाळच्या ताज्या वेळेत. तिसऱ्या तुकडीपर्यंत येता येता तक्ता अडला. मग तुम्ही उलटं करून दाखवलंत. जी गोष्ट शाळेत एकच आहे ती आधी बसवायची: संगीताची खोली एक, प्रयोगशाळा एक, संगणक कक्ष एक, मैदान एक. तासिका तत्त्वावरचे संगीताचे सर फक्त मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारी येतात, तेही आधीच बसवायचे. त्यानंतर आठवीचे भाषेचे गट, कारण संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी आणि संयुक्त (अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत) हे तिन्ही गट तिन्ही तुकड्यांत एकाच वेळी चालवावे लागतात. त्या तासाला आठवीच्या कुठल्याच तुकडीला दुसरीकडे पाठवता येत नाही. मराठी, गणित शेवटी. त्यांना वर्गातला फळा पुरतो, त्यामुळे ते कुठेही बसतात. ज्या विषयाला जागा कमी त्याची चिठ्ठी आधी. एवढं एक कळल्यावर खोलीतला आवाज अर्ध्यावर आला.

मग तीन पर्याय आले आणि तिन्हींचं गणित तुम्ही फळ्यावर मांडलंत. ते इथे देतोय.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० घड्याळी तास अध्यापन सांगितलं आहे. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांचे पावणेसदतीस आठवडे. जुन्या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार आठ आणि शनिवारी सात असे ४७ तास होते, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. आठवड्याला २७ तास २५ मिनिटं, वर्षाला १००५ तास. म्हणजे जेमतेम पाच तास वर. रोजचा एक तास कमी केला की राहतात ४२, वर्षाला ८९८. दुसरा पर्याय होता ४७ तास ठेवून प्रत्येक तास ३० मिनिटांचा करायचा. त्यात ८६२. शिवाय शिक्षकाला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला लागणारी तीन-चार मिनिटं ३५ मधून जातात तेवढीच ३० मधूनही जातात, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. आम्ही कुणीच ते धरलं नव्हतं.

तिसरा पर्याय आमच्यातल्याच काहींचा लाडका: शाळा सुटल्यावर ऐच्छिक संगीत, थोडी फी लावून. त्यावर तुम्ही तीनच प्रश्न विचारलेत. बाराला मुलं डबा कुठे खाणार? बाराच्या पुढे ती खोली प्राथमिकच्या मुलांना लागते, तिचं काय? आणि व्हॅनने येणारी मुलं थांबणार कशी? उत्तरं देता देता दिसलं, की ज्यांच्या घरून दुपारी न्यायला कुणी येऊ शकतं तेवढीच मुलं गाणं शिकतील.

याच बैठकीत दहावीच्या वाढीव गुणांचाही गोंधळ मिटला. शाळेतला संगीताचा तास गेला तर ते गुण जातील, अशी भीती काहींनी पसरवली होती. ते गुण शाळेच्या तासावर मिळत नाहीत; मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांच्या प्रमाणपत्रावर मिळतात. म्हणजे संगीत वाचवायला हा मुद्दा वापरणारे आपल्याच बाजूचे पालकही चुकत होते, आणि ते तुम्ही त्यांना सांगितलंत. बाजू आपली असली तरी मुद्दा खोटा असेल तर काढून टाकायचा, ही सवय आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला अजून लागायची आहे.

आता वीस मिनिटांची गोष्ट. सातला भरून बाराला सुटणं म्हणजे ३०० मिनिटं. त्यात परिपाठ १५ आणि दोन सुट्या मिळून ४०, राहिले सात तास. तुम्ही परिपाठ १० मिनिटांवर आणलात. राष्ट्रगीत ५२ सेकंद, राज्यगीत पावणेदोन मिनिटांच्या आत, प्रतिज्ञा, प्रार्थना; वेळ खाणारी होती ती बातम्यांची आणि बोधकथेची रोजची जोडी, ती आलटून पालटून केलीत. सुट्या ४० च्या ३०. तरी आठ तास बसवायला सुटी १२:२० ला होते. फक्त वीस मिनिटं जास्त! इतके दिवस गणित विरुद्ध गाणं असा जो वाद चालला होता तो खरं तर फाटकावरच्या वीस मिनिटांचा होता.

आणि तिथे अडचण होती व्हॅनची. मोठ्यांना सोडणारी व्हॅनच पुढे लहानांना आणते. तुम्ही सगळ्या व्हॅनकाकांना विचारलंत, की पुढची फेरी कुठली आणि किती वाजता. खरोखर अडणाऱ्या तीनच निघाल्या, बाकीच्यांना अर्ध्या तासाची फट पुरत होती. प्राथमिकची वेळ १२:५० केलीत. मोठी मुलं मागच्या फाटकातून बाहेर, लहान पुढच्या फाटकातून १२:३५ नंतर आत. अडलेल्या तीन व्हॅनमधली मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये वाटून बसवण्याचं काम मात्र पालकांच्या अंगावर टाकलंत. बरोबरच केलंत, ते शाळेचं काम नव्हतं.

सुट्यांची अदलाबदलही आठवणीत राहील. मोठी सुट्टी मधोमध हवी असं सगळे धरून चालले होते. सव्वासहाला व्हॅनमध्ये बसलेलं मूल आठपर्यंत भुकेलं असतं, म्हणून तुम्ही २० मिनिटांची सुट्टी दुसऱ्या तासानंतर, ८:२० ला ठेवलीत आणि १० मिनिटांची चौथ्यानंतर. यात आणखी एक गोष्ट साधली. सुट्टी पूर्वी तिसऱ्या तासानंतर असायची, त्यामुळे तिसरा-चौथा जोडता येत नव्हता. आता तीन-चार, पाच-सहा, सात-आठ अशा तीन जोड्या सलग मिळतात. सरांचे तीन दिवस, दिवसाला तीन जोडतास, आणि तुकड्या नऊ. चिठ्ठ्या एकही न उरता बसल्या तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. तुम्ही तेवढ्यात पुढची चिठ्ठी उचलली होतीत.

जोडतास कशाला, हे बहुतेकांना पटत नव्हतं. आठवड्यातून दोनदा भेट होणं चांगलं नाही का? तुम्ही सरांना घड्याळ लावून एक सुटा तास घ्यायला सांगितलंत. वर्गातून खोलीत यायला ४ मिनिटं. सतरंजी घालून चुंबळी, पेट्या, तबले मांडायला ५. तबला लावायला ६. परत ठेवायला ४. ३५ पैकी १९ गेली, शिकवायला राहिली १६. दोन वेगवेगळ्या तासांत मिळून ३२, तर जोडतासात ५१. रोज थोडा रियाज व्हावा असं वाटणाऱ्यांचं म्हणणं चूक नाही. पण तो घरी, हातावर ताल धरूनही होतो.

तबला लावायच्या सहा मिनिटांवर एका गृहस्थांनी आक्षेप घेतला होता, की आदल्या दिवशीच लावून ठेवा. सरांनी जुलैतला तबला आणून वाजवून दाखवला. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, सैल पडते आणि स्वर रात्रीत उतरतो. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हातोडीने चहूबाजूंनी सारखे ठोके द्यावे लागतात. फरक जास्त असेल तर आधी बाजूचे लाकडी गट्टे खाली सारावे लागतात. घाईत एकाच बाजूला ठोकलं तर पुडीच्या एका भागात सूर, शेजारच्या भागात बेसूर. आणि मुलांनी नको तितका चढवून ठेवला की ऊन पडलेल्या दिवशी पुडी फाटते. सहा मिनिटं म्हणजे कमीच सांगितली होती.

सातवी-आठवीचा आणखी एक प्रश्न होता आणि तो वेळापत्रकात दिसत नाही. मुलांचा आवाज फुटतो. मुली आणि ज्यांचा आवाज अजून फुटलेला नाही ती मुलं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, मोकळी गातात. फुटलेल्या आवाजाला तिथे वरचा सा गाठता येत नाही, मग ती मुलं नुसते ओठ हलवतात किंवा दंगा करतात. त्यांना काळी एक लागते. काळी चारचा तबला ठोकून ठोकून काळी एकला लागत नाही, त्याला वेगळ्या मापाच्या तोंडाचा तबला हवा. म्हणून वर्गाचे दोन गट: एक गातो तेव्हा दुसरा तालाकडे. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली (टाळी न देता हात बाजूला), हातावर मोजायची. त्यातली आठ मुलं आळीपाळीने तबल्याच्या चार जोड्यांवर. मग अदलाबदल. ५१ मिनिटांत दोन्ही गटांना पंचवीस-पंचवीस मिळतात. १६ मिनिटांत हे शक्य नव्हतं. डब्यानंतरच्या जोडतासाला, म्हणजे ८:४० ला, सगळ्यांनी आधी ताल करायचा आणि गाणं उत्तरार्धात, भरल्या पोटी वरचे स्वर लावायचे नाहीत, हे सरांनी सुचवलं आणि तुम्ही तक्त्याच्या समासात लिहून ठेवलंत. सकाळी ७:१० ला गाण्याचा तास कुणालाच दिला नाहीत, तेही याच काळजीतून. शेवटच्या जोडतासाला १२:१५ ला पेटी बंद, कारण हॉर्न वाजायला लागले की तबले कपाटात आडवे पडतात.

आणखी दोन नियम, ज्यांच्याविना हे सगळं दिवाळीपर्यंत टिकलं नसतं. पहिला: परीक्षा जवळ आली की ‘अभ्यासक्रम राहिलाय’ म्हणून संगीताचा तास मागून घेतला जातो आणि परत कधी मिळत नाही. आता मागितलेला तास बदली तासांच्या वहीत लिहायचा आणि दोन आठवड्यांत त्याच तुकडीला परत करायचा. दुसरा: स्नेहसंमेलनाची तालीम संगीताच्या तासात नाही. पंधरा मुलं तालमीला आणि बाकीची भिंतीला टेकून, असं डिसेंबरभर व्हायचं. हे नियम काही शिक्षकांना रुचले नाहीत, आणि त्यांची नाराजी तुम्हीच झेललीत.

जे जमलं नाही तेही लिहायला हवं. जोडतासाचा दिवस सुटीत गेला की त्या तुकडीचा आठवडा कोरडा जातो, यावर उपाय सापडलेला नाही. ग्रंथालयाचा तास शनिवारी शेवटी गेला आहे आणि शनिवारी कार्यक्रम असला की तोच पहिल्यांदा बुडतो. संगीताच्या खोलीवरच्या वर्गात आठवी ‘ब’ला गणिताच्या वेळी डग्गा ऐकू येतो. पुढच्या जूनआधी या तिन्हींवर बसावं लागेल. चिठ्ठ्या कापून ठेवण्याचं काम आमच्याकडे द्या.

आपले,
सहावी ते आठवीच्या नऊ तुकड्यांचे पालक

ता. क. तबल्याची हरवलेली हातोडी सापडली. कपाटात, मोठ्या डग्ग्याच्या चुंबळीखाली होती. सरांकडे दिली आहे.