चूक झाली? आधी जजला बोलवा

'मॅजिक द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या सभासदांसाठी:

कॉम्पिटिटिव्ह (कडक नियमांच्या) स्पर्धेत चूक लक्षात आली की डाव तिथेच थांबवून जजला बोलवा. आपसात मिटवू नका. समोरच्याची चूक दिसूनही फायद्यासाठी मुद्दाम गप्प बसलात, तर ती फसवणूकच धरतात आणि थेट बाद करतात.

पत्ता जास्त ओढलात आणि तो हातातल्या पत्त्यांत मिसळला, तर सगळे पत्ते उघडे करावे लागतात. समोरचा त्यातला एक निवडतो, तो लायब्ररीत (ओढायच्या गठ्ठ्यात) फेटला जातो. निवड अर्थातच तुमच्या लाडक्या पत्त्याची! 'स्क्राय' करून (म्हणजे गठ्ठ्याचे वरचे पत्ते बघून) तळाशी ठेवलेले पत्ते मात्र फेटायचे नसतात, तेवढं जजला आधीच सांगा.

अशा चुकीला वॉर्निंग मिळते. त्याच प्रकारची तिसरी झाली की गेम गेला.