प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनच्या पिरागुआवाल्या (बर्फाच्या गोळ्याची गाडी लावणाऱ्या) काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. घाईच तशी होती. मला स्पॅनिश येत नाही आणि मनातलं सगळं इंग्रजीत उतरत नाही, म्हणून हे पत्र माझ्या मराठीतच लिहिते आहे.

डिसेंबरातली ती दुपार. एल मोरो किल्ल्यापुढचं हिरवंगार मैदान, आभाळभर पतंग, आणि अर्ध्या वाटेत गुडघा धरून उभे राहिलेले माझे बाबा. आमची क्रूझ त्याच दिवशी सुटणार होती. पहाटेच्या विमानाने आम्ही न्यू जर्सीहून आलो. नवरा आणि आई सामान घेऊन थेट धक्क्यावर गेले, आणि मी, बाबा आणि आठ वर्षांचा ओजस ‘दोन तासांत येतो’ सांगून जुन्या शहरात शिरलो. बाबा मुरूडचे. जंजिरा बघत वाढलेल्या माणसाला समुद्रावरचा किल्ला न दाखवता जहाजात कसं चढवणार?

तुमच्या गल्ल्यांतले निळसर दगड बघून तर ते खालीच वाकले. लोखंड गाळून उरलेल्या मळीचे हे दगड, उन्हात नुसते चकाकत होते. पण त्या उंचसखल चढानेच त्यांच्या गुडघ्याचा घात केला. तरी नातवाला माहिती देणं चालूच. १५३९ मध्ये स्पॅनिशांनी हा किल्ला बांधायला घेतला. १५९५ मध्ये इंग्रजांचा ड्रेक चालून आला आणि हात हलवत परत गेला. १५९८ मध्ये कंबरलंडच्या उमरावाने जमिनीच्या बाजूने येऊन किल्ला घेतला, पण हगवणीने माणसं पटापट मरायला लागल्यावर सोडून जावं लागलं. १६२५ मध्ये डचांनी शहर जाळलं, किल्ला मात्र मिळाला नाही. ‘जंजिऱ्यासारखाच हट्टी,’ म्हणाले, आणि तिथेच थांबले. पुढे पाऊल टाकवेना.

तुम्ही काही न विचारता गाडीमागचं स्वतःचं स्टूल उचलून आणलंत. बाबांना छत्रीच्या सावलीत बसवलंत. मग बर्फाच्या लादीवर रंधा फिरवायला लागलात. तो खर्र खर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. कागदी पेल्यावर बर्फाचा टोकदार डोंगर रचलात आणि त्यावर तपकिरी पाक ओतलात. बाबांनी एक घोट घेतला आणि ओरडले, ‘अगं, ही तर चिंच!’

तुम्ही एवढे खळखळून का हसलात, ते मला नंतर कळलं. तुमच्या भाषेत ‘चिंचे’ म्हणजे ढेकूण! मग बाटलीवर बोट ठेवून तुम्ही सावकाश म्हणालात, ‘तामारिंदो.’ त्या शब्दात आमचा हिंद आहे, काका. अरबांनी चिंचेला ‘हिंदचा खजूर’ म्हटलं, त्यावरून तो आलाय. घरापासून इतक्या लांब बाबांना ओळखीची चव मिळाली ती तुमच्या हातून.

आणि मग तुमची नजर बाबांच्या मनगटावर गेली. माझा फोन कधीच बंद पडला होता, विमानात ओजसच्या हातात होता ना. सगळी भिस्त बाबांच्या एचएमटीवर. त्यात एक वीस झाले होते. तुम्ही तुमचा फोन पुढे धरलात: दोन वीस. हिवाळ्यात सान हुआनचं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. जहाजात चढायची शेवटची वेळ तीन. माझे हातपाय गार पडले.

‘आय बेंदितो!’ म्हणालात. गाडी शेजारच्या पतंगवाल्याच्या हवाली केलीत, बाबांना दंडाला धरून रस्त्यापर्यंत आणलंत आणि ओळखीची टॅक्सी थांबवलीत. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी गाडी सोडून! मी पैसे पुढे केले तर माझी मूठ मिटवलीत. धक्क्यावर पोचलो तेव्हा नवरा दारातच उभा होता, चेहरा पांढराफटक. तीनला आठ मिनिटं कमी होती.

आठवड्याने जहाज परत सान हुआनला लागलं. तुम्ही बाबांना खुणांनी सांगितलं होतं, की पूर्वी खलाशी उतरले की तटातल्या लाल दरवाजातून आत येत आणि सरळ चढ चढून देवाचे आभार मानायला कॅथीड्रलमध्ये जात. आम्हीही तसेच गेलो, बाबांच्या हातात या वेळी काठी होती. मग टॅक्सीने मैदानावर आलो. पाऊस होता. एकही गाडी लागलेली नव्हती, पतंगही नव्हते. विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही आडोशाला थांबलो. तुम्ही आला नाहीत.

म्हणून हे असं उघड्यावर लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी सान हुआनला जाणार असेल, तर दुपारी मोरोच्या मैदानावर जा. गाडीमागे स्टूल ठेवणारे एक पांढऱ्या मिशांचे काका दिसले, तर त्यांच्याकडे तामारिंदो मागा. आणि सांगा, मुरूडच्या आजोबांचा गुडघा आता बरा आहे.

तुमची,
ओजसची आई