‘केव्हा’च्या आधी ‘कोणाला’: बायबल अभ्यासाच्या बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचे आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. “पुढचा अध्याय वाचलास का?” म्हणता, आणि आपण गप्प बसायचं. म्हणून हे उघडं पत्र. लिहिताना मला अडवायला तुम्ही समोर नाही, आणि वर्गाला न येणाऱ्या चार जणांनाही ते वाचता येईल.

मी तुमच्या वर्गाला आले ती भीतीपोटी, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत मोबाइलवर रोज काहीतरी येऊन पडायचं. कुठं युद्ध पेटलं की शेवटल्या लढाईतल्या गोग-मागोगचा नकाशा, भूकंप झाला की जगाच्या शेवटाच्या चिन्हांचा मत्तय २४, नवं ओळखपत्र निघालं की श्वापदाचा आकडा ६६६. पाठवणारे सगळे ओळखीचे, उपवास-प्रार्थना करणारे लोक. ते वाचून माझी प्रार्थना काही वाढली नाही, झोप मात्र उडाली. आल्या आल्या मी विचारलं, “बाई, हे सगळं केव्हा होणार?” तुम्ही उत्तर दिलं नाहीत. फळ्यावर तीन प्रश्न लिहिलेत. हे कोणाला सांगितलं? त्यांनी त्यावर काय करायचं होतं? ख्रिस्तामध्ये यातलं काय पूर्ण झालं आणि काय उरलं? “केव्हा”चा नंबर चौथा, म्हणालात. तो चौथा प्रश्न फळ्यावर कधी आलाच नाही.

यिर्मया २९:११ सगळ्यांना पाठ असतं. ‘हिताचे संकल्प’ भिंतीवरच्या चौकटीत असतात, वाढदिवसाच्या कार्डावर असतात, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या वहीत असतात. तुम्ही मात्र आम्हाला आदल्या अध्यायात नेलंत. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदातले लोक पाडाव होऊन बाबेलला गेलेले. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलपुढं मान तुकवा अशी खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो सगळ्यांदेखत मोडतो. लोकांना हेच ऐकायचं होतं. त्याआधी यिर्मया काय म्हणतो? “आमेन, परमेश्वर असंच करो.” इथं तुम्ही पुस्तक मिटलंत. “त्यालाही हनन्याचंच खरं व्हावंसं वाटत होतं,” म्हणालात. “पण आपल्याला वाटतं ते आणि देव सांगतो ते, यांत त्यानं गल्लत केली नाही.” सभेत कोणी डोक्यावर हात ठेवून “देव म्हणतो, तुझं काम याच वर्षी होणार” असं सांगू लागलं की मला अजूनही यिर्मयाचं ते आमेन आठवतं. इच्छा म्हणून मीही आमेन म्हणते. पारख नंतर करते. पौलानं तरी वेगळं काय सांगितलं? संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा.

मग २९वा अध्याय, म्हणजे त्या पाडाव झालेल्या लोकांना गेलेलं पत्र. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, आणि सत्तर वर्षं थांबा. हे पत्र हातात पडलं तेव्हा जो चाळिशीचा होता त्याला परतीची वाट दिसणार नव्हती. पुढं इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या कोरेश राजानं बाबेल घेतलं आणि परतीची मोकळीक मिळाली, ती बहुतेक नातवंडांना. आमच्यातल्या एकीनं तेव्हा विचारलं होतं, “मग हे वचन माझं नाहीच का?” तुम्ही म्हणालात, तुझंही आहे, पण एकटीचं नाही, आणि त्याला तुझ्या वेळापत्रकाची अट नाही. मला वाटलं होतं वचन असं वाचलं की लहान होईल. झालं उलटं. ज्यांच्या घरचा आजार बरा झाला नाही त्यांच्यापुढं आता मला ते न लाजता म्हणता येतं.

तारखा काढणाऱ्यांची तुम्ही कधी टिंगल केली नाहीत, याचे वेगळे आभार. अमेरिकेतल्या विल्यम मिलरची हकीकत सांगितलीत. शेतकरी माणूस, दानिएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांवरून हिशेब मांडणारा. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी पिकं शेतातच उभी ठेवली. दिवस उजाडला, मावळला, काही झालं नाही. आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. “हिशेब चुकला त्यांचा,” म्हणालात, “पण प्रभू यावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. आपल्याला वाटतं का?” वर्ग गप्प. आणि लगेच आमोस ५:१८ उघडायला लावलंत, जिथं परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांनाच हायहाय म्हटलंय: तुम्हाला तो कशाला हवा, तो उजेड नाही, अंधार आहे. कारण आमोसाचे श्रोते सण पाळत होते, गाणी म्हणत होते, आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, केव्हा संपतो नि दुकान केव्हा उघडतं याची वाट बघत होते, खोट्या तागडीनं मापायला, गव्हाबरोबर भूसही विकायला. आठव्या अध्यायात हे अगदी दुकानाच्या गल्ल्याजवळ उभं राहून पाहिल्यासारखं लिहिलंय. तारीख काढणं चूक, पण प्रभू न आला तर बरं असं आतून वाटत असेल तर तेही तपासायला हवं, एवढं त्या दिवशी समजलं.

आता श्वापदाची खूण. ज्या एका गोष्टीनं माझी झोप उडवली होती ती. तुम्ही म्हणालात, प्रकटीकरणाचा १३वा अध्याय संपला म्हणून थांबू नका, अध्याय काही योहानानं पाडलेले नाहीत. १४:१ वाचा. कोकरा, म्हणजे ख्रिस्त, सियोन डोंगरावर उभा आहे, त्याच्याबरोबर १,४४,००० जण आहेत आणि त्यांच्याही कपाळावर काहीतरी आहे: त्याचं नाव आणि त्याच्या पित्याचं नाव. तिथून अनुवाद ६:८, देवाच्या आज्ञा हाताला बांध, कपाळावर लाव. हात आणि कपाळ. हात काय करतो आणि डोकं कोणाचं मानतं. मग पहिला प्रश्न लावलात: हे कोणाला लिहिलं? आशिया नावाच्या रोमी प्रांतातल्या सात मंडळ्यांना. पर्गम नगरात कैसराचं मंदिर तेव्हाच उभं होतं. थुवतीरात कारागिरांचे संघ होते, त्यांच्या मेजवान्या मूर्तींपुढं व्हायच्या आणि न जाणाऱ्याला धंद्यात जड जायचं. त्यांच्यासाठी “खुणेशिवाय विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही” ही लांबची गोष्ट नव्हती. पुढं कधी याहून उघड काही घडणार असेल तर घडो. पण मी आजवर फक्त दंडावर काय टोचतील याची काळजी करत होते, आणि पगारासाठी कशाकशाला मान डोलावते हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्याच मालिकेत तुम्ही १८वा अध्याय मोठ्यानं वाचलात. बाबेल पडते आणि व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. तुम्ही ती यादी किराणा वाचावा तशी सरळ वाचत गेलात. सोनं, रुपं, मोती, जांभळं वस्त्र, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. आणि त्याच सुरात, आवाज न चढवता, शेवटचा जिन्नस: माणसं. वाचून झाल्यावर काही बोलला नाहीत. बोलायला हवं होतं असंही नाही.

मी बिलांचं काम करते. मोठ्या पुरवठादारांचे फोन येतात, त्यामुळं त्यांचे कागद आपोआप वर सरकतात. ठेकेदाराकडच्या सफाई कामगारांसाठी कोणी फोन करत नाही. त्यांचं बिल सहीला जायचं ते सगळ्यांच्या शेवटी, कोणाच्या दुष्टपणानं नव्हे, नुसत्या रिवाजानं. मलाखी ३:५ मी कितीदा वाचलं होतं! तिथं मजुरांची मजुरी अडकवणाऱ्यांना जादूगार आणि व्यभिचारी यांच्याच ओळीत उभं केलंय, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. मग याकोब ५. चौथ्या वचनात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडतेय आणि सातव्यात “प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा.” मधे फक्त दोन वचनं. प्रभूचं येणं आणि माझं टेबल इतकी जवळजवळ असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आता ते बिल मी पहिल्या गठ्ठ्यात घालते. साहेबांनी एकदा कारण विचारलं. मलाखीचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही, “वेळेत गेलेलं बरं” एवढंच म्हटलं. साहेब हो म्हणाले.

तुमच्याबद्दल एक कुरकूर ऐकू येते, तिचंही उत्तर इथंच देते. बाई भविष्य काढून टाकतात आणि नुसतं समाजकार्य ठेवतात, असं काही जण म्हणतात. त्यांनी लूक ४ वरचा तुमचा पाठ ऐकलेला नाही. नासरेथच्या सभास्थानात प्रभूनं यशया ६१ वाचलं: दीनांना सुवार्ता, पाडाव झालेल्यांना सुटका, प्रसादाचं वर्ष. आणि अर्ध्या वाक्यात गुंडाळी गुंडाळून सेवकाच्या हातात दिली. पुढचे शब्द सूडाच्या दिवसाचे आहेत, ते वाचलेच नाहीत. मग म्हणाला, हे आज पूर्ण झालं. तुम्ही म्हणालात, आपण त्या अर्ध्या वाक्यात राहतो. पहिला भाग सुरू झाला, म्हणून हातात काम आहे. दुसरा उरला आहे, म्हणून न्याय आपल्या हातात घ्यायचा नाही. पेत्राच्या लेखी शेवटले दिवस पन्नासाव्या दिवशीच, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणालाच, सुरू झाले, त्यानं योएलाचा आधार घेतला तो त्यासाठीच. यात भविष्य कुठं गळलं?

आणि माझे वडील गेले तेव्हा तुम्ही घरी येऊन १ थेस्सलनीकाकर ४ वाचलंत. कर्ण्यावर व्याख्यान दिलं नाहीत, ढगांचा क्रम लावला नाहीत. त्या मंडळीचा प्रश्न वेळेचा नव्हताच, आपल्या गेलेल्या माणसांचं काय, हा होता, आणि पौलानं उत्तर संपवलं ते “या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा” म्हणून. हल्ली तोच उतारा एकमेकांना घाबरवायला वापरतात. आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली. प्रभू खरोखर येणार नसेल तर त्या वाचनाला काही अर्थ नव्हता, हे तुमच्याइतकं ठामपणे मला कोणीच सांगितलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं. प्रभू त्यांच्या आधी येणार, नंतर येणार, की हे मंडळीच्या काळाचंच चित्र आहे, ही तिन्ही मतं तुम्ही इतक्या निःपक्षपातीपणे शिकवलीत की तुमचं स्वतःचं कोणतं ते आजतागायत कळलं नाही. “या तिघांनाही उद्या सकाळी सारखंच वागायचंय,” असं म्हणून तुम्ही सुटता. मला हे पुरेसं वाटत नाही. जग सुधारत जाणार की बिघडत जाणार याबद्दल माणूस काय मानतो त्यावर तो मुलांना काय सांगतो हे ठरतं. तुम्ही एकदा मत सांगाच. न पटलं तरी आमचा आदर कमी होणार नाही.

पुढची मालिका यहेज्केलाची आहे असं कळलं. ४० ते ४८ हे अध्याय मी आजवर नेहमी उलटून जात आले, ती मंदिराची हातांतली मापं, ते उंबरे, ती दालनं. या वेळी तुमचे तीन प्रश्न घेऊन बसले. पहिल्याचं उत्तर ४०:१ मध्येच मिळालं: बंदिवासाचं २५वं वर्ष, नगर पडल्याला १४ वर्षं झालेली, म्हणजे मंदिर उरलं नाही अशा लोकांना. दुसऱ्याचं ४३:१० मध्ये: हे मंदिर दाखव, म्हणजे त्यांना आपल्या पापांची लाज वाटेल. तिसऱ्यावर अडले आहे. ४७व्या अध्यायातली नदी योहान ७ मधल्या जिवंत पाण्याशी जोडायची, प्रकटीकरण २२ मधल्या नदीशी, की दोन्हींशी? दोन्हींशी असं मला वाटतं, पण मग मासे आणि मिठाची खाजणं यांचं काय करायचं ते सुचत नाही. वही घेऊन येते.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी