त्या तीन तुकड्यांविषयी

कोल्हापूर,
१९ सप्टेंबर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचे विनूकडून कळले. तू मला फोन केला नाहीस याचा मी राग धरलेला नाही. निघण्याच्या आदल्या रात्री मी ज्या आवाजात बोललो, त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलावेसे वाटले नाही तर त्यात तुझी चूक नाही. आईने बांधून दिलेला लाडवांचा डबा जिन्यातच राहिला. तो उद्या कुरिअरने पाठवतो आहे.

तुझ्या प्रयोगातल्या धातूच्या त्या तीन तुकड्यांबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे. आईच्या पायाविषयी लिहितो, कारण तू निघताना तेच विचारत होतीस. पाऊस अजून आहे आणि ओल धरली की तिची डावी नडगी पूर्वीसारखीच ठणकते. आत राहिलेल्या त्या एका स्क्रूमुळे ती ठणकते की वयामुळे, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. तू गेल्यावर कपाटातली ती पितळी डबी मी काढली. परसातल्या धुण्याच्या दगडावरून आई घसरली २००९ साली, आणि प्लेट काढली २०११ साली. त्या दिवशी हाती आलेली प्लेट आणि सात स्क्रू आजही चकचकीत आहेत. त्यांतल्या एकाच्या डोक्यातली षटकोनी खाच मी दहापट भिंगातून पाहिली. सहापैकी चार कोपरे झिजून गोल झाले आहेत, कारण काढताना हत्यार आतल्या आत फिरले होते. आठव्याचे कोपरे तर पुरते गेले होते, म्हणून तो हाड कोरून काढण्यापेक्षा तिथेच ठेवलेला बरा, असे त्यांनी ठरवले. मी आयुष्यभर धातूच्याच कामात होतो, पण त्या दिवशी बाकावर बसून असताना मला प्रथमच वाटले, की हाड जुळल्यावर ज्याचे काम संपते ती वस्तू तिथे कायमची राहावी किंवा ती काढण्यासाठी माणसाला पुन्हा चिरावे लागावे, ही रचनाच अपुरी आहे. तू तेव्हा सातवीत होतीस. आई म्हणते, हा स्क्रू साखरेसारखा विरघळत का नाही, असे तू तिला त्याच आठवड्यात विचारलेस. तुला ते आठवत नाही आणि मीही ते ऐकलेले नाही, पण ती ते सगळ्यांना सांगते आणि मी तिला अडवत नाही.

तू ज्या मॅग्नेशियमवर काम करतेस त्याबद्दल मी या दोन वर्षांत जमेल तेवढे वाचले आहे, हे तुला माहीत नसेल. माणसाच्या शरीरात मुळातच सुमारे पंचवीस ग्रॅम मॅग्नेशियम असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत असते, हे वाचून मला फार आनंद झाला होता. पोलाद हाडापेक्षा दहापट किंवा त्याहूनही अधिक ताठ असल्यामुळे भार तेच उचलते आणि शेजारचे हाड काम नसल्याने कमकुवत होत जाते. मॅग्नेशियमचा ताठपणा मात्र हाडाच्या पुष्कळ जवळचा असतो, हे तू मला गणपतीत आरतीनंतर ओसरीवर बसून समजावलेस. शेजारच्या काकूंनी तेव्हा विचारले, की मुलगी नेमके काय करते. मी म्हणालो, काम झाले की स्वतःहून निघून जाणारा स्क्रू करते. एवढे सांगताना माझा गळा दाटून आला होता.

हे काम आजचे नाही, हेही मला वाचूनच कळले. बेल्जियमच्या अल्बां लांबोत या शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पायाचे मोडलेले हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी जोडले, आणि आठ दिवसांत पट्टीचे तुकडे होऊन कातडीखाली वायू साठला. दोन वेगळे धातू खारट पाण्यात एकमेकांना लागले की त्यांतला दुबळा धातू खाल्ला जातो, हे आमच्या कारखान्यातल्या नव्या पोरालाही पंपाचे काम करताना कळते. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याची ती फसलेली पट्टी दडपली गेली नाही. तिची नोंद राहिली, म्हणून शंभर वर्षांनी जर्मनीत असा स्क्रू तयार झाला आणि २०१३ साली त्याला युरोपात परवानगी मिळाली, आणि कोरियात तयार झालेल्या तशाच स्क्रूला तिथे २०१५ साली मिळाली. फसलेल्या आठ दिवसांची ती नोंद नसती तर पुढच्या माणसाने तेच खिळे पुन्हा ठोकले असते.

पाहिलेस, मी पुन्हा तिथेच आलो. आता ते लिहिल्याखेरीज पत्र पुढे सरकणार नाही, तर लिहूनच टाकतो.

तू सांगितलेस ते मला समजले ते असे. एकाच ओतकामातून कापलेले अकरा तुकडे तुम्ही ३७ अंशांवर, रक्तातल्या क्षारांसारखे क्षार असलेल्या द्रवात ठेवले. प्रत्येकावर उलटे नरसाळे आणि त्यावर काचेची नळी होती, म्हणजे निघणारा हायड्रोजन वर जमून किती धातू गेला ते मोजता येते. आठ तुकडे ठरल्याप्रमाणे सावकाश विरघळले, आणि तीन तुकडे दहा दिवसांतच इतके खाल्ले गेले की नळ्या भरून गेल्या. त्यावर तुमच्या गटाने ठरवले की ते तीन आऊटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून गेलेले, आहेत, बहुधा त्यांत लोखंड जास्त गेले असेल, तेव्हा लेखात आठच दाखवायचे. मी म्हणालो की हे खोटे आहे. तू म्हणालीस, “बाबा, तुमचे बिडाचे कास्टिंग होते, यातले तुम्हाला काय कळते?” आणि मग माझा आवाज चढला.

तुझे म्हणणे पुष्कळ बरोबर आहे. बाटलीतले विरघळणे आणि शरीरातले विरघळणे एक नाही, बाटलीत ते सहसा अधिक वेगाने होते, एका तुकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे सगळे तू मला शांतपणे सांगत होतीस आणि मीच ऐकून घेतले नाही. त्याबद्दल मला क्षमा कर. परंतु लोखंडाबद्दल मात्र मला थोडे कळते. शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंडाचे प्रमाण दहा लाखांत सुमारे १७० भागांच्या वर गेले की त्याचे खाल्ले जाणे एकदम कितीतरी पटींनी वाढते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ठाऊक आहे, आणि रस पोलादी मुशीत जास्त तापवला किंवा जास्त वेळ ठेवला तर मुशीतले लोखंड त्यात उतरते. मग त्या तीन तुकड्यांत लोखंड खरोखर जास्त आहे का, हे कुणी मोजले का? ‘बहुधा’ या शब्दावर तीन तुकडे बाद करता येत नाहीत, मुक्ता. आणि मोजून ते खरे निघाले, तर ती तुमच्या प्रयोगातली घाण ठरत नाही, तोच तुमचा निष्कर्ष ठरतो: एकाच मुशीतून, एकाच दिवशी ओतलेल्या धातूत अकरापैकी तीन तुकडे वाईट येऊ शकतात. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळले तर जवळजवळ एक लिटर हायड्रोजन निघतो. तो कुणाच्या तरी नडगीत, कातडीखाली निघणार आहे.

मी व्याख्यान देतो आहे. आई समोर बसून भाजी निवडते आहे आणि मी किती जोराने लिहितो आहे हे तिला पेनाच्या आवाजावरून कळते.

मी त्या रात्री तसा का बोललो ते तुला सांगायला हवे. हे मी आईलाही परवाच प्रथम सांगितले. १९९४ सालची दिवाळी नुकतीच झाली होती आणि उसाचा गळीत हंगाम सुरू होत होता. ट्रॉलीच्या चाकांच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, एक लॉट तपासणीला माझ्याकडे आला. कोणत्या कारखान्यात, ते लिहीत नाही. आम्ही दहा नग काढून त्यांवर लाल रंग लावायचो, तो पुसायचो आणि वर पांढरी भुकटी मारायचो. भेग असेल तर तिच्यात मुरलेला रंग भुकटीवर आपोआप उमटतो. आठ नग स्वच्छ पांढरे राहिले. दोनांवर, बोल्टाच्या भोकाच्या कडेला, केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर आली. ती वर येताना मी पाहत होतो, अजूनही दिसते. वरिष्ठ म्हणाले, त्या दोनांचा साचा ओला राहिला असेल, ते भंगारात टाक आणि बाकीच्यांवर सही कर, गाड्या थांबल्या आहेत. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी नोंदवहीत ‘तपासलेले नग आठ, दोष नाही’ असे लिहिले आणि सही केली.

फेब्रुवारीत उसाने भरलेली एक ट्रॉली चाक निखळून उलटली आणि वर बसलेल्या मजुराचा पाय गुडघ्याखाली गेला. ते हब आमच्या लॉटमधले होते की नाही, हे कधीच कळले नाही. कुणी विचारले नाही, कारण नोंदवहीत दहाऐवजी आठच होते, आणि त्या आठांत विचारण्यासारखे काहीच नव्हते. मी सरकारी दवाखान्यात गेलो, वॉर्डाच्या दारापर्यंत पोहोचलो आणि त्याची बायको खाटेशेजारी बसलेली पाहून तसाच परतलो. तू जन्मलीस तेव्हाही मला ती बाई आठवली होती.

म्हणून तू ‘आठच दाखवायचे’ असे म्हणालीस तेव्हा मला तुझा आवाज ऐकू आलाच नाही. अकरांतले तीन आणि दहांतले दोन, हिशेब तोच आहे.

तुझ्या क्षेत्रातही हे घडलेले आहे, आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. २०११ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माक्कियारिनी या सर्जनने रुग्णाच्याच मूळपेशी लावलेली प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली, तेव्हा जगभर कौतुक झाले. प्राण्यांवर पुरेशा चाचण्या झालेल्या नव्हत्या आणि लेखांत रुग्णांची प्रकृती होती त्यापेक्षा चांगली दाखवली होती. तिथे त्याने ज्या तिघांना अशी नलिका बसवली, त्यांतले कुणीही आज हयात नाही. तिथल्याच चार डॉक्टरांनी लेख आणि रुग्णांची कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि तक्रार केली. आधी त्यांचेच ऐकले गेले नाही, त्यांनाच त्रास झाला. २०२३ साली अपील न्यायालयाने त्या सर्जनला अडीच वर्षांची शिक्षा दिली. तुमच्या गटातली माणसे तशी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही, आणि तू तर नाहीसच. मला भीती वाटते ती एवढीच, की अशा मोठ्या गोष्टीची सुरुवातही बहुधा एखाद्या ‘हे तीन सोडून देऊ’ यानेच होत असेल, आणि त्या दिवशी ती अगदी शहाणपणाची वाटत असेल.

आणि याउलट जे घडते तेही तूच मला सांगितलेले आहेस. तिरुअनंतपुरमला श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेत तू सहा आठवडे होतीस तेव्हा रोज रात्री फोन करून तिथे तयार झालेल्या हृदयाच्या कृत्रिम झडपेची गोष्ट सांगायचीस. तिथले हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पहिल्या तीन रचना फसल्या, त्यांतल्या एकीत तर कृत्रिम नीलमण्याची चकती होती, आणि प्रत्येक वेळी काय फसले ते लिहून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. चौथी रचना, साध्या दिसणाऱ्या पॉलिथिनच्या चकतीची, ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या माणसाच्या हृदयात बसली. ती तारीख तू पाठ म्हणून दाखवलीस आणि मी ती कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. ते कॅलेंडर बदलले तरी ते पान अजून माझ्याकडे आहे.

तुझ्यावर किती दडपण आहे हे मला दिसते. व्हिसा त्या करारावर आहे, लेख लागला नाही तर पुढचे वर्ष अवघड, आणि विनूच्या वेळी आपण जे पाहिले तेही तुझ्या मनात असणार. इथे बसून शुद्ध वागण्याचा उपदेश करणे सोपे आहे. तुझ्या वयात माझ्याने ते झाले नाही, हे वर लिहिलेच आहे. तू भांडून ये, असेही मी म्हणत नाही. अकराही तुकडे तक्त्यात ठेवून, तीन वेगळे का गेले असावेत ते खाली लिहिण्याची वाट असेल, तर ती आधी विचारून पाहा. आणि तरीही नाहीच म्हणाले आणि त्यामुळे तुला परत यावे लागले, तर माडीवरची खोली आहे, आक्कांचे टेबल आहे, आणि कुणीही तुला एक प्रश्न विचारणार नाही. हे मी आईला विचारून लिहितो आहे.

जेवत जा. रात्री प्रयोगशाळेत एकटी थांबू नकोस. थांबलीस तर निदान विनूला कळव.

मला उत्तर पाठवण्याची घाई करू नकोस. फक्त एक सांग: त्या तिन्ही तुकड्यांची कापून उरलेली टोके कुणी टाकून तर दिली नाहीत ना? नसतील, तर त्यांवर नंबर घालून ती तुझ्या खणात ठेव.

तुझे,
बाबा

ता. क. आईच्या नडगीचा तू मागितलेला जुना एक्स-रे सापडला, ट्रंकेच्या तळाशी होता. खिडकीच्या काचेवर धरून त्याचा फोटो काढला आहे, विनू पाठवेल. आठवा स्क्रू त्यात वरून तिसरा आहे.