शनिवारची आठवण: युद्धकाळातले ब्रिटिश कार्टूनपट

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६.३० वाजता नेहमीच्याच खोलीत जमायचं आहे. मागच्या वेळी दिवे मालवल्यावर निम्मी मंडळी चाचपडत आत आली, म्हणून या वेळी दार वेळेवर बंद होईल.

सुरुवात १९१४ पासून, म्हणजे पहिल्या महायुद्धापासून. लॅन्सलॉट स्पीड, डडली बक्स्टन ही मंडळी मुळात छापील चित्रं काढणारी. म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरांच्या, रंगमंचावर झटपट रेखाटनांचे खेळ व्हायचे, तीच पद्धत पडद्यावर आली. चित्रकाराचा हात भराभर कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, काढतो, आणि मग त्याची यथेच्छ टर उडवली जाते. जर्मन पाणबुडीनं बुडवलेली 'लुसिटानिया' ही प्रवासी बोट बक्स्टननं १९१५ साली बुडताना दाखवली, तिथं मात्र थट्टा नाही. त्याच घटनेवरचा विन्सर मॅके यांचा अमेरिकी चित्रपट १९१८चा. गाजला तोच, हे मला अन्यायाचंच वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातलं हॅलस आणि बॅचलर या कार्टूनपट करणाऱ्या जोडप्याचं काम शेवटी पाहू. भंगार साठवा, परसात भाजी लावा, असा सरकारी प्रचार; पण चित्रं देखणी.

मूकपटांतल्या इंग्रजी पाट्यांचं मराठी मोठ्यानं वाचायला दोन जण हवेत. शुक्रवारपर्यंत नावं कळवा. चष्मा विसरू नका.